जनसुनावणी आणि नागरिकाचे काम

संस्थेच्या महोत्सवी स्मरणिकेत शिक्षकाने लिहावयाचे म्हटले म्हणजे बहुधा शिस्त, संस्कार किंवा वाचनाची गोडी ह्यांपैकी एखादा विषय ठरलेला असतो. ह्या खेपेस मी तो मोह आवरला आहे. नववी-दहावीला नागरिकशास्त्र शिकविताना मला दरवर्षी एक प्रश्न अडवितो, आणि आपल्या सभासद कुटुंबांपैकी काहींच्या तर तो अंगणापर्यंत येऊन पोचलेला आहे. सरकार एखाद्या खाणीला, कारखान्याला वा विमानतळाला परवानगी देते; त्या परवानगीत आपल्यासारख्या सामान्य माणसाचा काही हात असतो काय? असल्यास तो नेमका कोठे लागतो?

पूर्वी मी वर्गात ह्याचे उत्तर एका वाक्यात देत असे : "जनसुनावणी होते व लोक तेथे आपले म्हणणे मांडतात." हे वाक्य खोटे नाही. पण ते किती अपुरे आहे हे मला माझ्याच फजितीने शिकविले. ती फजिती आधी सांगतो, म्हणजे पुढचा धडा समजण्यास सोपा जाईल.

गोष्ट २००८ च्या सुमाराची. मी नोकरीत नवा होतो. गोव्याच्या खाणपट्ट्यात त्या वेळी लोखंडाच्या मातीला मोठा भाव आला होता आणि आमच्या गावाच्या रस्त्यावरून टिपरची रांग तुटत नसे. रस्त्याकडेच्या झाडांची पाने बारा महिने लाल. आमच्या वाड्यावर मशिदीच्या आवारात एक जुनी विहीर आहे. वजूसाठी तिचे पाणी, आणि तेच पाणी अख्ख्या वाड्याच्या घागरींत; हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती असा भेद त्या रहाटाने कधी केला नाही. खाणीचा खड्डा जसजसा खोल जाऊ लागला तसतसे एप्रिल-मे महिन्यांत विहिरीचे पाणी तळाला जाऊ लागले, आणि पहिल्या पावसात डंपची माती ओढ्यातून उतरून पाणी गढूळ होऊ लागले. अशा वेळी खाणीच्या विस्तारासाठी जनसुनावणी जाहीर झाली.

मी बोलावयास उभा राहिलो तो चांगला पाव तास बोललो. पूर्वजांची भूमी, येणाऱ्या पिढ्या, निसर्गाचा कोप, विकासाची खोटी कल्पना, सारे काही त्यात आले. मंडपात टाळ्या झाल्या. घरी आलो तेव्हा ओसरीवर अब्बा बसले होते. त्यांनी एवढेच विचारले, "विहिरीचं सांगितलंस का रे?"

मी सांगितले नव्हते. पाव तासाच्या भाषणात विहिरीचे नाव एकदाही आले नव्हते.

पुढे सुनावणीचे इतिवृत्त पाहावयास मिळाले. माझ्या भाषणाची त्यात एक ओळ होती : एका शिक्षकाने पर्यावरणाविषयी सर्वसाधारण चिंता व्यक्त केली. तिच्यासमोर प्रकल्पवाल्यांचे उत्तरही एका ओळीचे होते : सर्व नियमांचे पालन केले जाईल. ज्याने ते इतिवृत्त लिहिले त्याच्यावर मी पुष्कळ दिवस रागावून होतो. आता वाटते, त्या बिचाऱ्याने माझ्या भाषणाचा सारांश अगदी बरोबर केला होता.

आता मूळ विषयाकडे वळू. हा ऐकून घेतला जाण्याचा हक्क आपणांस आयता मिळालेला नाही. १९७४ साली पाणी प्रदूषणाचा कायदा झाला, १९८१ साली हवेचा झाला. परंतु कारखान्याला संमती द्यावी की न द्यावी, हा मंडळ आणि मालक ह्यांच्यातलाच व्यवहार राहिला. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला विषारी वायूने हजारो माणसांचे बळी घेतले आणि १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. त्या कायद्याच्या आधारे केंद्र सरकारने २७ जानेवारी १९९४ रोजी अधिसूचना काढून ठरावीक मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणविषयक पूर्वमंजुरी सक्तीची केली. तरीही जनसुनावणीची रीतसर पद्धत लागू झाली ती १९९७ च्या एप्रिलात.

मधल्या काळातली एक आठवण गोव्यातील माझ्या वयाच्या कोणालाही असेल. फोंडा तालुक्यात केरी येथील भूतखांबाच्या पठारावर नायलॉनचा एक मोठा कारखाना यावयाचा होता. लोक विरोधात उभे राहिले. म्हणणे मांडावयास कायद्याने नेमून दिलेली जागा नव्हती, तेव्हा ते रस्त्यावर मांडले गेले. जानेवारी १९९५ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात एका तरुणाचा बळी गेला. कारखाना शेवटी तेथे झाला नाही. मी तेव्हा शाळकरी मुलगा होतो. सुनावणीचा मंडप, त्यातली खुर्च्यांची रांग आणि किरकिरणारा ध्वनिक्षेपक ह्यांना आज पुष्कळजण नाटक म्हणून हसतात, त्या वेळी मला ते पठार आठवते. हे नाटक असेल तर त्यातील आपली भूमिका आपण नीट पाठ केलेली नाही, असे मला म्हणावयाचे आहे.

सध्याची पद्धत १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेवर उभी आहे. तिच्यात मागाहून पुष्कळ फेरफार झाले, पण सांगाडा तोच आहे. प्रत्येक प्रकल्पाला सुनावणी लागते असे मात्र नाही. मंजूर औद्योगिक वसाहतीतील कारखाने, बांधकामाचे प्रकल्प, संरक्षणविषयक कामे अशा कित्येकांना ती माफ आहे. तेव्हा आपल्याजवळचा प्रकल्प कोणत्या वर्गात मोडतो हे प्रथम पाहावे. जेथे ती लागते तेथे प्रकल्पवाल्याला आधी पर्यावरणावरील परिणामांचा अहवाल तयार करावा लागतो. लोक त्याला ईआयए अहवाल म्हणतात, आपणही तसेच म्हणू. ह्या अहवालाचा मसुदा आणि त्याचा सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद वा महापालिका, जिल्हा उद्योग कार्यालय, पंचायत, प्रदूषण नियंत्रण मंडळ अशा ठिकाणी कामाच्या वेळात कोणालाही पाहावयास ठेवावा लागतो. सारांश इंग्रजीत आणि राज्याच्या किंवा स्थानिक भाषेत हवा. सुनावणीची नोटीस एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतील दैनिकात यावयास हवी, आणि नोटिशीपासून सुनावणीपर्यंत कमीत कमी ३० दिवस मिळावयास हवेत. जेथे वर्तमानपत्र पोचत नाही तेथे दवंडी पिटावी, असेही नियमात आहे.

हे ३० दिवस कशासाठी? माझ्यासारख्यांना वाटे की सभेला येण्याची सवड मिळावी म्हणून. तसे नव्हे. ते वाचण्यासाठी आहेत. अहवाल तीनचारशे पानांचा असू शकतो. पण आपल्याला त्यातली सारी पाने लागत नाहीत. आपले गाव, आपला ओढा, आपली विहीर, आपले शेत, आपला रस्ता ह्यांविषयी त्यात काय लिहिले आहे आणि काय लिहिलेले नाही, एवढेच शोधावयाचे असते. हे काम दहावीचा मुलगाही करू शकतो. मी ते करून घेतले आहे, म्हणून खात्रीने सांगतो.

सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा तिच्या अगदी जवळ घ्यावी लागते. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी असतात, किंवा अतिरिक्त जिल्हाधिकाऱ्याहून खालच्या दर्जाचा नसलेला त्यांचा प्रतिनिधी असतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाचा माणूस सोबतीला असतो. सर्व कामकाजाचे चित्रीकरण करावे लागते. उपस्थित राहण्याला किमान संख्येची अट नाही; दहा माणसे आली तरी सुनावणी सुनावणीच. प्रकल्पवाल्याने आधी अहवालाचा सारांश सांगावयाचा आणि मग हजर असलेल्या प्रत्येकाला माहिती विचारण्याची, खुलासा मागण्याची संधी द्यावयाची. जे दूर राहतात, पण ज्यांचा विषयाशी खराखुरा संबंध पोचतो, त्यांना लेखी म्हणणे पाठविता येते. आपल्यातील जी कुटुंबे नोकरीनिमित्त इंदूर-बडोद्याकडे गेली आणि ज्यांची घरे-कुळागरे इकडे आहेत, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आणि आता ती गोष्ट, जी माझ्या मते ह्या सर्व नियमांत सर्वांत मोलाची आहे व जिच्याकडे कोणी पाहत नाही. सुनावणी संपताना इतिवृत्ताचा सारांश जमलेल्या लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावा लागतो, आणि मान्य झालेल्या इतिवृत्तावर अध्यक्षांनी त्याच दिवशी सही करावयाची असते. लोकांनी उपस्थित केलेले मुद्दे आणि त्यांवर प्रकल्पवाल्याने दिलेली उत्तरे ह्यांचे विवरण त्याला जोडले जाते. ह्या वाचनाच्या वेळी मंडपात कोण असते? आमच्या त्या सुनावणीत जवळजवळ कोणीच नव्हते. टाळ्या संपल्या तसे आम्ही घरी निघालो होतो. नेमकी तीच वेळ बसून राहण्याची होती.

येथे एक सावधगिरीची सूचना. सुनावणी उधळून लावली म्हणजे प्रकल्प अडला, अशी काहींची समजूत असते. नियमात उलट सोय आहे. स्थानिक परिस्थितीमुळे लोकांना मोकळेपणाने बोलता येणार नाही असा अहवाल वर गेला, तर सुनावणी न घेताच पुढे जाण्याचा निर्णय होऊ शकतो. मंडप मोडणाऱ्याच्या हाती त्या दिवशी मंडपाचा खांब येतो, आणि लोकांची संधी हातची जाते.

भाषेबद्दल थोडे. मी भाषेचाही शिक्षक आहे, तेव्हा हे लांबण लागल्यास वाचकांनी क्षमा करावी. अहवालांच्या देशी भाषांतील सारांशांत वाक्ये अशी असतात की ती वाचून गावकऱ्याला आपल्याच गावाची ओळख पटू नये. ओढ्याला 'नैसर्गिक निचरा प्रणाली' म्हणतात, डंपला 'अतिभारसाठा' म्हणतात. ओढ्याला ओढा म्हटले असते तर चार माणसांनी हात वर केला असता. पण भाषेचा प्रश्न ह्याहून मोठा आहे. २०२० साली केंद्राने ह्या साऱ्या पद्धतीच्या जागी नवी अधिसूचना आणण्यासाठी मसुदा प्रसिद्ध केला. त्यात इतर बदलांबरोबर ३० दिवसांच्या मुदतीचे २० दिवस करावयाचे होते. मसुदा इंग्रजी व हिंदीत होता, आणि देश टाळेबंदीत होता. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढविली आणि मसुदा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील २२ भाषांत उपलब्ध करण्याचा आदेश दिला. त्या बावीसांत मराठी आहे आणि कोकणीही आहे. आपल्याकडे ह्या दोन भाषांवरून पुष्कळ शाई आणि पुष्कळ घाम खर्ची पडला. न समजणाऱ्या कागदावर सही करावयाची वेळ आली की दोन्ही भाषा बोलणारे एकाच रांगेत उभे असतात.

मग म्हणणे मांडावे कसे? वर्गात मी दोन वाक्ये फळ्यावर लिहितो. पहिले : "खाणीमुळे गावाचे अतोनात नुकसान होणार आहे, तरी परवानगी देऊ नये." दुसरे : "आमच्या वाड्यावरील सार्वजनिक विहिरीवर चाळीस घरे पिण्याच्या पाण्यासाठी अवलंबून आहेत. अहवालाच्या अमुक पानावरील विहिरींच्या यादीत ही विहीर नाही. खड्डा आणखी खोल गेल्यावर हिच्या पाण्याचे काय होईल, ह्याचा अभ्यास केला आहे काय? केला नसल्यास तो करून मग निर्णय घ्यावा." मुलांना विचारतो, कोणत्या वाक्यात जोर अधिक? सुरुवातीला सगळे पहिल्याकडे बोट दाखवितात. मग विचारतो, कोणत्या वाक्याला 'सर्व नियमांचे पालन केले जाईल' हे उत्तर चालणार नाही? तेव्हा वर्ग गप्प होतो, आणि मग मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणते, "दुसऱ्या, सर." पहिल्या वाक्याला उत्तराची गरज पडत नाही. दुसऱ्याला उत्तर द्यावेच लागते, आणि दिले नाही तर ते दिले नाही हे कागदावर राहते.

कागदावर राहण्याने काय साधते, असे कोणी विचारील. ह्याचे उत्तर गोव्याच्याच एका प्रकरणात आहे. दक्षिण गोव्यातील रिवण येथील लोहखनिजाच्या खाणीचे प्रकरण उत्कर्ष मंडळ ह्या संस्थेने दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत नेले. २६ नोव्हेंबर २००९ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, अहवालाचा सारांश बाधित होऊ शकणाऱ्या लोकांना सुनावणीच्या ३० दिवस आधी उपलब्ध झालाच पाहिजे. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, केंद्राच्या तज्ज्ञ समितीने सुनावणीतील हरकतींचा विचार केला हे तिच्या कारणांतून दिसले पाहिजे. हरकती पाहिल्या, एवढे म्हणून भागत नाही. त्या समितीचे अध्यक्षपद खाण कंपन्यांच्या संचालक मंडळांवर असलेल्या माणसाकडे असावे, हेही न्यायालयाला रुचले नाही, आणि एकाच दिवशी ढीगभर खाणींना मंजुऱ्या देत सुटण्याच्या पद्धतीवरही त्याने बोट ठेवले. पण कारणे द्यावीत म्हटले तरी ती कशाची द्यावयाची? 'सर्वसाधारण चिंते'ला कारणासह उत्तर देता येत नाही. विहिरीच्या प्रश्नाला येते.

दुसरे प्रकरण पेडणे तालुक्यातील मोपाच्या विमानतळाचे. त्याला २८ ऑक्टोबर २०१५ रोजी पर्यावरणविषयक मंजुरी मिळाली होती. प्रकरण हरित अधिकरणातून सर्वोच्च न्यायालयात गेले. २९ मार्च २०१९ रोजी न्यायालयाने मंजुरी स्थगित करून तज्ज्ञ समितीला फेरविचार करावयास सांगितले. आसपासची वने, पाणवठे व संवेदनशील क्षेत्रे ह्यांविषयी अर्जात द्यावयाची माहिती पुरेपूर दिलेली नव्हती, आणि सुनावणीत लोकांनी मांडलेल्या मुद्द्यांचा समितीच्या नोंदींत नीट विचार झालेला दिसत नव्हता, ही त्यातली मुख्य कारणे. विमानतळ थांबला काय? नाही. समितीने नव्याने विचार करून अधिक अटी घातल्या, १६ जानेवारी २०२० रोजी न्यायालयाने स्थगिती उठविली व अटींच्या पालनावर देखरेखीचे काम नागपूरच्या 'नीरी' संस्थेकडे दिले. जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडत आहेत. कोणी म्हणेल, लोक हरले. मला तसे म्हणवत नाही. एका अपुऱ्या अर्जामुळे चालू काम नऊ महिन्यांहून अधिक काळ थांबले, ही गोष्ट पुढचा अर्ज लिहिणारा विसरणार नाही.

तरीही एक भ्रम काढून टाकला पाहिजे. जनसुनावणी म्हणजे मतदान नव्हे. हजार माणसांनी 'नको' म्हटले म्हणून मंजुरी आपोआप नाकारली जात नाही. ओडिशातील नियमगिरीच्या डोंगरावर तसे झाले, असे कोणी सांगतात. पण तो कायदा वेगळा. वनहक्क कायद्याखाली सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी ग्रामसभांना विचारावयास सांगितले, बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला आणि पुढच्या जानेवारीत केंद्राने परवानगी नाकारली. आपल्याकडच्या जनसुनावणीला एवढा अधिकार नाही. तिचा अधिकार प्रश्न विचारण्याचा आणि उत्तर नोंदवून घेण्याचा आहे. तो लहान आहे हे मान्य. पण लहान अधिकार न वापरणाऱ्याला मोठा कोण देणार?

ह्या ठिकाणी दुसऱ्या बाजूविषयी लिहिले नाही तर मी अप्रामाणिक ठरेन. सप्टेंबर २०१२ मध्ये गोवा सरकारने खाणी थांबविल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, त्या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याच्या वडिलांनी बँकेचे कर्ज काढून दोन टिपर घेतले होते. ते दारात उभे राहिले, टायर गळून गेले, आणि मुलगा सहलीचे पैसे भरता येत नाहीत हे सांगावयासही लाजू लागला. पुढे २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून खाणींना वाट मिळाली, ७ फेब्रुवारी २०१८ रोजी पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चात पुन्हा सारे थांबले. अशा घरांनी सुनावणीत येऊन 'आम्हांला काम हवे' म्हटले तर त्यांना विकले गेलेले म्हणणे हे पाप आहे. तो मुलगा आणि विहिरीवरची काकी दोघेही ह्याच गावाचे. परवाने घाईने, अहवाल अपुरे ठेवून, हरकती न वाचता दिले गेले नसते, तर टिपरवाल्याला कर्ज काढतानाच कळले असते की हा धंदा किती वर्षे चालेल व किती टनांचा. नियम मोडून मिळालेल्या परवान्यावर त्याने आपले घर उभे केले, आणि हे त्याला कोणीही सांगितले नव्हते.

आता मंजुरी मिळाल्यानंतरचे. आपले बहुतेक आंदोलन मंजुरीच्या दिवशी संपते, आणि खरे म्हणजे आपले काम तेथे सुरू होते. मंजुरी मिळाली की सात दिवसांच्या आत प्रकल्पवाल्याला निदान दोन स्थानिक वर्तमानपत्रांत ती जाहीर करावी लागते. ती जाहिरात कापून तारखेसह जपून ठेवावी. कारण मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित अधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करावयाचे असते, आणि पुरेसे कारण दाखविल्यास आणखी ६० दिवस मिळू शकतात. त्यापलीकडे दार बंद. पश्चिम विभागाचे पीठ पुण्याला आहे. २०१७ मध्ये गोव्याची प्रकरणे दिल्लीला नेण्याचा हुकूम निघाला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तो त्याच वर्षी रद्द केला. पुण्याला रात्रीच्या बसने जाऊन दुसऱ्या रात्री परतता येते. दिल्लीला जाणारा शेतकरी मी अजून पाहिलेला नाही.

मंजुरीपत्रात अटी असतात. रस्त्यावर पाणी मारावे, डंपच्या पायथ्याशी बांध घालावा, ओढ्यात गाळ जाऊ देऊ नये, विहिरींची पातळी ठरावीक काळाने मोजावी, अशा. त्या पाळल्या की नाही ह्याचा सहामाही अहवाल १ जून आणि १ डिसेंबर ह्या तारखांना द्यावयाचा असतो, आणि तो सार्वजनिक कागद आहे. शिवाय १९७४ च्या पाणी कायद्यात एक जुने, विस्मरणात गेलेले कलम आहे : सांडपाणी सोडण्यास संमती देताना ज्या अटी घातल्या त्यांची नोंदवही राज्य मंडळाने ठेवावयाची, आणि त्या सांडपाण्याची झळ पोचणाऱ्या किंवा त्याच्याशी संबंध असलेल्या माणसाला ती वाजवी वेळी पाहू द्यावयाची. मी एकदा एका कार्यालयात ही नोंदवही मागितली. खिडकीवरच्या गृहस्थांनी मला दोनदा विचारले, "कोणती वही, सर?" ती त्या दिवशी मिळाली नाही. माहितीच्या अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज केल्यावर ३० दिवसांच्या आत अटींच्या प्रती मिळाल्या. रागावण्यापेक्षा दहा रुपये स्वस्त पडतात, हे मी अनुभवाने सांगतो. आणखी एक बदल माहीत असावा : २०२३ मध्ये झालेल्या व एप्रिल २०२४ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने १९८६ च्या कायद्यातील कसुरींना कैदेऐवजी पैशाचा दंड ठेवला आहे, दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत. ही शिक्षा पुरेशी की अपुरी ह्यावर मतभेद आहेत. माझ्या मते मोठ्या खाणीला पंधरा लाख म्हणजे आठवड्याचे डिझेलही नव्हे.

डिसेंबर २०२२ पासून गोव्यात खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले आणि मागोमाग पुन्हा सुनावण्या आल्या. त्याआधीच आमच्या नववीच्या मुलांनी एक वही घातली होती. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दोराला दगड बांधून मशिदीच्या विहिरीतले पाणी मोजावयाचे, तारीख लिहावयाची आणि खाली दोघांच्या सह्या. वाड्यावरच्या आणखी तीन विहिरीही त्यात घेतल्या. दोराला गाठी मारून देण्याचे काम ज्या मुलाने हौसेने केले, त्याच्या काकांचे टिपर आहेत. मी त्याला काही सांगितले नव्हते. गाठी बरोबर एक हाताच्या अंतरावर मारल्या पाहिजेत, एवढेच सांगितले होते.

आमच्या बाजूची सुनावणी जाहीर झाली तेव्हा मुलांनी पंचायतीत बसून सारांश वाचला व विहिरींची यादी शोधली. चारांपैकी तीन विहिरी त्यात होत्या, मशिदीची नव्हती. ह्या वेळी मी बोललो नाही. बोलल्या त्या शेजारच्या काकी, ज्या चाळीस वर्षे त्या विहिरीवर पाणी भरत आल्या आहेत. त्यांनी तीन वाक्ये सांगितली आणि वहीच्या पानांची प्रत लेखी निवेदनाला जोडून टेबलावर ठेवली. मग आम्ही सगळे बसून राहिलो. दुपार टळली, चहा दोनदा झाला, काही माणसे निघून गेली. शेवटी इतिवृत्त वाचावयास घेतले. काकींची पाळी आली : "सदर विहिरीत एप्रिल महिन्यात तीन हात पाणी उरते..."

काकी उठून उभ्या राहिल्या. "अडीच हात," त्या म्हणाल्या. "तीन नव्हे, साहेब. अडीच म्हणाले मी. वहीतही अडीचच आहे."

अधिकाऱ्यांनी वही मागून घेतली, पान पाहिले आणि लेखनिकाला दुरुस्ती करावयास सांगितले. ओळ पुन्हा वाचली गेली. प्रकल्पाच्या माणसाने उत्तरात लिहून दिले की ही विहीर मोजणीच्या यादीत घेतली जाईल.

यादीत ती आता सर्वांत शेवटी आहे. मुले दोर घेऊन अजूनही पहिल्या शनिवारी जातात; १ डिसेंबरच्या सहामाही अहवालात त्या विहिरीपुढे कोणता आकडा येतो तो आपल्या वहीशी ताडून पाहावयाचा आहे.